कडेवरची अक्षरे

लाइट टेबलवर एक निगेटिव्ह ठेवली आहे. त्यात एक बाई दारात उभी आहे आणि तिच्या कडेवर वर्षभराचे बाळ आहे. निगेटिव्हमध्ये सगळे उलट दिसते. बाळाचे झबले काचेसारखे आरपार, चेहरा काळा; कपाळावर, गळ्यात आणि मनगटांवर काळ्या मण्यांच्या ओळी.

निगेटिव्ह घेऊन आलेल्या काकू सत्तरीच्या. ते बाळ म्हणजे त्यांची आई. "मोत्यांचे दागिने आहेत हो," त्या म्हणाल्या. "आजोळी मोती होते असं लहानपणापासून ऐकत आले. फोटो इतका बारीक आहे की काही कळत नाही. जरा मोठा करून द्याल?" त्यांच्याजवळचा फोटो निगेटिव्हएवढाच होता: अडीच इंच रुंद, सव्वाचार इंच लांब. त्यातले बाळ जेमतेम अंगठ्याएवढे.

त्याआधी त्या दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. एकाने सांगितले, हे माप आमच्या मशीनला बसत नाही. दुसऱ्याने विचारले, कडा कापून बसवू का? कात्रीचे नाव ऐकल्यावर काकूंनी निगेटिव्ह पाकिटात घातली आणि त्या जिना उतरल्या. फार बरे केले. त्या निगेटिव्हमधली सगळ्यात मोलाची गोष्ट नेमकी त्या कडेवरच होती.

मापांचा गोतावळा

आज फिल्म म्हटले की ३५ मिलिमीटरची पट्टी आठवते. तिच्यावरचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि हे माप पुढे रूढ झाले. पण त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षे कॅमेरा बदलला की फिल्मचे माप बदलायचे. ११६, १२०, १२२, १२७, ६१६, ६२०. हे आकडे म्हणजे लांबी-रुंदी नव्हे. कोडॅकने आपल्या वेगवेगळ्या रोलांना दिलेले ते क्रमांक. १२० चा रोल १९०१ मध्ये आला आणि आजही तयार होतो. १२७ चा रोल १९१२ मध्ये खिशात मावणाऱ्या व्हेस्ट पॉकेट कोडॅकसाठी निघाला; त्याची निगेटिव्ह साधारण ४ बाय साडेसहा सेंटिमीटर. ६२० ची फिल्म १२० एवढीच रुंद, फक्त तिची रिळी बारीक. काकूंची निगेटिव्ह ११६ ची. तो रोल १८९९ पासून १९८४ पर्यंत बनत होता.

इतकी मापे कशाला, असे आज वाटते. त्याचे उत्तर काकूंच्या हातातल्या फोटोतच आहे. तेव्हा बहुतेक घरगुती फोटो मोठे केले जात नसत. निगेटिव्ह थेट कागदावर दाबून वरून प्रकाश द्यायचा, की तेवढाच फोटो तयार. म्हणजे जेवढा फोटो हवा तेवढी निगेटिव्ह हवी आणि तेवढा मोठा कॅमेरा हवा. १२२ क्रमांकाचा रोल तर पोस्टकार्डासाठीच होता, सव्वातीन बाय साडेपाच इंचांचा. पुढे एन्लार्जर सर्रास वापरात आले आणि निगेटिव्ह आकसत गेली. १९६३ मध्ये १२६ चे कार्ट्रिज, १९७२ मध्ये ११० चे, ज्यातले चित्र १३ बाय १७ मिलिमीटरचे. १९८२ मध्ये डिस्क आली. चकतीभोवती पंधरा चित्रे, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढे.

आपल्याकडच्या कपाटांत सगळ्यात जास्त सापडते ती चौकोनी निगेटिव्ह. ती बहुधा आगफा क्लिक थ्रीची असते. हा साधा कॅमेरा बडोद्याला बनायचा. १२० चा रोल घातला की सहा सेंटिमीटरचे बारा चौकोन मिळत. मुंजी, बारशी, माथेरानच्या सहली, पहिली स्कूटर हे सगळे त्या बारांत बसवायचे. त्यामुळे शटर दाबण्याआधी घरातला प्रत्येकजण श्वास रोखून उभा राहायचा.

चौकट आपण कापायची

स्कॅनरसोबत प्लॅस्टिकच्या चौकटी येतात: एक ३५ मिलिमीटरसाठी, एक १२० साठी, फार तर आणखी एखादी. १२७ ची पट्टी १२० च्या चौकटीतून खाली पडते आणि ११६ ची आत शिरतच नाही. काही घरगुती स्कॅनरच्या झाकणातली उजेडाची खिडकी साधारण ६८ मिलिमीटर रुंद असते आणि ११६ ची फिल्म ७० मिलिमीटर. चित्र कसेबसे येते, कड मात्र बाहेर राहते. अशा वेळी निगेटिव्हला कात्री लावायची नाही. चौकट आपण बनवायची आणि झाकणात मोठा दिवा असलेला स्कॅनर शोधायचा.

चौकटीसाठी मी काळा माउंट बोर्ड घेतो. कटरने खिडकी कापायची ती फिल्मच्या कडेसकट सगळे दिसेल एवढी, चारी बाजूंनी केसभर आधार ठेवून. बाकीची काच काळ्या कागदाने झाकायची. नाहीतर बाजूचा उजेड आत येतो आणि चित्रातले काळे राखाडी होऊन जाते. मग उंचीचा प्रश्न. निगेटिव्ह काचेपासून किती वर असली की चित्र सर्वांत रेखीव येते, हे प्रत्येक यंत्राचे वेगळे असते. बोर्डाचे तुकडे पायांसारखे चिकटवत एक, दोन, तीन मिलिमीटर असे करून बघायचे. माझ्या स्कॅनरला तीनच्या आसपास मानवते.

जुनी फिल्म सुरळीसारखी वळलेली असते. बटर पेपरमध्ये ठेवून चार-आठ दिवस जाड पुस्तकाखाली दाबली की बरीच सरळ होते. तरीही ऐकली नाही तर वरून काच ठेवावी लागते. इथे नवा माणूस फसतो. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी, जिच्यावर चित्र असते ती, मंद. चकचकीत बाजू साध्या काचेला टेकली की पाण्यावरच्या तेलासारखी वर्तुळे उमटतात. त्यांना न्यूटनची वलये म्हणतात. त्यासाठी किंचित खरखरीत केलेली काच मिळते, ती चकचकीत बाजूवर ठेवायची.

धूळ फक्त हवेच्या फुंकणीने उडवायची. बोट लावायचे नाही, तोंडाने फुंकायचे नाही. कोकणातल्या घरांमधून आलेल्या निगेटिव्हवर बुरशीची जाळी असते. ती पाण्याने पुसायचा मोह आवरावा. चित्र जिलेटिनच्या थरात असते आणि बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते, म्हणजे डागाबरोबर चेहराही जातो. एकमेकींना चिकटलेल्या निगेटिव्ह तर घरी ओढून सोडवूच नयेत. अंटार्क्टिकातल्या कॅप्टन स्कॉटच्या झोपडीत अशाच चिकटून गठ्ठा झालेल्या २२ निगेटिव्ह सापडल्या होत्या. जवळपास शंभर वर्षे बर्फात पडलेल्या. जाणत्या संवर्धकाने त्या एकेक करून सुट्या केल्या आणि २०१३ मध्ये ती चित्रे जगाने पाहिली. निगेटिव्ह वाट बघू शकते. घाई आपल्याला असते.

स्कॅनरमध्ये धुळीचे ठिपके आपोआप काढणारी सोय असते, ती इथे बंद ठेवायची. ती अवरक्त किरणांवर चालते. रंगीत फिल्मच्या रंगांतून हे किरण आरपार जातात, पण कृष्णधवल निगेटिव्हमधले चित्र चांदीचे असते आणि चांदी त्यांना अडवते. यंत्राला चांदीच धूळ वाटते आणि ते चित्रच पुसू लागते. ठिपके हाताने, एकेक करून काढायचे.

काकूंची निगेटिव्ह मी इंचाला २४०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केली. खोक्यावर ६४०० लिहिलेले असते, पण घरगुती स्कॅनरमध्ये तिथवर गेले तरी तपशील वाढत नाही, फक्त फाइल फुगते. २४०० लाही सहा कोटींच्या वर ठिपके हाती आले. एवढ्या मोठ्या निगेटिव्हचे हेच वैभव. ११६ चे एक चित्र म्हणजे ३५ मिलिमीटरची आठ चित्रे. उलट ११० किंवा डिस्कची चिमुकली निगेटिव्ह असेल तर स्कॅनरपेक्षा डिजिटल कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून लाइट टेबलवर तिचा फोटो काढणे चांगले.

संक्रांत २९

पडद्यावर चित्र सुलटे झाले. आखूड बाजूच्या टोकाला, चित्राच्या बाहेर, काही पांढऱ्या रेघा दिसल्या. निगेटिव्हवर त्या काळ्या होत्या आणि मी त्यांना डाग समजलो होतो. मोठे करून पाहिले तर ती अक्षरे निघाली: "संक्रांत २९".

१९१४ ते १९३२ या काळात कोडॅकने 'ऑटोग्राफिक' नावाचे कॅमेरे आणि रोल विकले. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक छोटे झाकण आणि सोबत धातूची लेखणी. फोटो काढला की झाकण उघडायचे आणि फिल्मच्या पाठीवरच्या कागदावर त्या लेखणीने लिहायचे. दाब पडेल तिथून प्रकाश आत जायचा आणि दोन चित्रांमधल्या कोऱ्या पट्टीवर अक्षरे कायमची उमटायची. काकूंच्या आजोबांनी फोटो काढला आणि उभ्याउभ्याच त्यावर दोन शब्द लिहून ठेवले. फोटोच्या दुकानात प्रिंट काढताना ती पट्टी झाकली गेली. म्हणून घरातल्या फोटोवर ते शब्द कधीच आले नाहीत.

आता दागिन्यांकडे पाहिले. त्या काळची बहुतेक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल कापड तिच्यावर काळेच उमटायचे. त्यामुळे बाळाचे झबले लाल की काळे हे चित्रावरून ठरत नाही. काकूंच्या घरात सगळे लालच म्हणत आले होते. पण संक्रांत म्हटल्यावर झबले काळेच असणार. मग मी बाळाच्या गळ्याशी गेलो. मोती गोल आणि गुळगुळीत असतो. इथे प्रत्येक मण्याची कड खडबडीत होती, बारीक काट्यांनी भरलेली. हलवा! मंद आचेच्या परातीत तीळ हाताने फिरवत, थेंबथेंब पाक घालत घरी ज्याला काटा आणतात, तो हलवा. बाळाच्या पहिल्या संक्रांतीचे, बोरन्हाणाचे दागिने.

कागदावर

छापतानाही मापाचा मान ठेवावा लागतो. चौकोनी निगेटिव्ह चार बाय सहाच्या कागदावर पूर्ण भरून छापली तर चित्राचा एक तृतीयांश भाग जातो, आणि त्यात पायऱ्यांवर शेवटी बसलेले मामा जातात. ११६ चे चित्र उलट कागदापेक्षा लांबोडके, त्यात कुणाचे तरी पाय जातात. कागदाला पांढरी कड राहू द्यावी. चित्र पूर्ण यावे.

काकूंसाठी दोन प्रिंट केल्या. एक आजोबांच्या काळच्या रीतीने: अंधारखोलीत लाल दिव्याखाली ब्रोमाइड कागदावर निगेटिव्ह ठेवली, मंद बाजू कागदाकडे, वर काच आणि क्षणभर दिवा. एन्लार्जरवर हे माप मोठे करायचे तर १३५ मिलिमीटरची लेन्स आणि चार बाय पाच इंचांची निगेटिव्ह घेणारे भलेमोठे यंत्र लागते. काचेखाली दाबून छापायला यातले काही लागत नाही. कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि बशीत आधी झबले आले, मग दार, सगळ्यात शेवटी चेहरा. दुसरी प्रिंट स्कॅनवरून, चौपट मोठी, दहा बाय सतरा इंच, कडेवरच्या अक्षरांसकट.

निगेटिव्ह परत देताना एक गोष्ट मात्र बजावून सांगावी लागली. १९२९ ची ही फिल्म नायट्रेटची असणार. नायट्रेट पटकन पेटते आणि पाण्यानेही विझत नाही. २००३ साली पुण्यात नायट्रेटवरच्या जुन्या चित्रपटांची रिळे अशीच जळाली. घरातल्या दोन-चार निगेटिव्हना घाबरून जायचे कारण नाही, पण त्या घट्ट डब्यात कोंडू नयेत आणि उन्हाजवळ, गॅसजवळ ठेवू नयेत. साध्या, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी, जराशी हवा लागेल अशा ठेवाव्यात. चिकट होऊ लागल्या किंवा पिवळ्या पडून ठिसूळ झाल्या तर घरात ठेवू नयेत, जाणकाराला दाखवाव्यात. नंतरच्या, 'सेफ्टी' लिहिलेल्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला तर तिचेही दिवस भरत आले असे समजावे आणि आधी ती स्कॅन करावी.

काकूंनी मोठी प्रिंट खिडकीपाशी नेली. चष्मा वर सरकवून त्या बराच वेळ बाळाच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मोती नव्हतेच," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "आईने नंतर खाल्ले असतील ना हो, एकेक तोडून?"

मी निगेटिव्ह नव्या पाकिटात सरकवली आणि त्यांच्यापुढे ठेवली. शाईचे पेन नको म्हणून पेन्सिल दिली. त्यांनी प्रिंटवरच्या अक्षरांकडे पाहत पाहत, आजोबांच्याच वळणाने, पाकिटावर लिहिले: संक्रांत २९.