पडद्यावरच्या ठिपक्यांचा हिशोब

पडद्यावरची अक्षरे बारीक दिसतात अशी तक्रार मुलांनी केली, की शाळेच्या संगणक कक्षात पुष्कळदा एकच उपाय केला जातो. सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे रेझोल्यूशन कमी केले जाते. अक्षरे मोठी होतात आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण जवळून पाहिले तर अक्षरांच्या कडा पुसट झालेल्या असतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला असतो आणि भूमितीच्या धड्यातले वर्तुळ अंड्यासारखे दिसते. असे का होते? त्याऐवजी काय करावे? हे समजून घ्यायला भागाकार आणि पायथागोरसचे प्रमेय एवढे गणित पुरते.

रेझोल्यूशन म्हणजे काय?

पडद्यावरचे चित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आडव्या ओळीत किती ठिपके आणि अशा ओळी किती, हे सांगणारी संख्यांची जोडी म्हणजे रेझोल्यूशन. मराठीत त्याला विभेदन म्हणतात. १९२० × १०८० याचा अर्थ एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी. एकूण ठिपके २०,७३,६००.

आता एका ठिपक्याचा आकार काढू. पडद्याचे माप कर्णावर घेतात. २१.५ इंची पडद्याचा कर्ण सुमारे ५४६ मि.मी. असतो. १९२० आणि १०८० या बाजूंचा कर्ण पायथागोरसच्या प्रमेयाने सुमारे २२०३ ठिपके येतो. ५४६ ला २२०३ ने भागले की एका ठिपक्याची रुंदी मिळते : सुमारे ०.२५ मि.मी.

निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो. ६० सें.मी. अंतरावर हा कोन सुमारे ०.१७ मि.मी. लांबीएवढा भरतो. म्हणजे आपला ०.२५ मि.मी.चा ठिपका या मर्यादेपेक्षा थोडा मोठाच आहे. त्यात काही बिघाड झाला तर तो डोळ्याला जाणवतो.

मोठा पडदा घेतला म्हणजे चित्र अधिक रेखीव दिसेल, असेही नाही. तेवढेच १९२० × १०८० ठिपके २७ इंची पडद्यावर पसरले तर प्रत्येक ठिपका ०.३१ मि.मी.चा होतो. खरेदी करताना इंच आणि ठिपके दोन्ही विचारावेत ते यासाठी.

जुना पडदा आणि सपाट पडदा

काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ फिरत असे. ओळी ४८० पाडायच्या की ७६८, हे झोताच्या गतीवर ठरे. पडद्यावर मोजून आखलेली घरे नसल्यामुळे ६४० × ४८०, ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ यांपैकी कोणतेही रेझोल्यूशन बऱ्यापैकी चांगले दिसे. ओळी वाढवल्या की सेकंदाला कमी चित्रे काढली जात आणि पडदा लुकलुके, म्हणून दोहोंचा मेळ घालावा लागे. रेझोल्यूशन हवे तसे बदलण्याची सवय त्या काळातली आहे.

आजचा सपाट पडदा वेगळा आहे. रांगोळीसाठी भोके पाडलेला कागद आठवा. ठिपके किती आणि कोठे पडणार, हे कागद तयार करतानाच ठरते. सपाट पडद्यातही कारखान्यातच १९२० × १०८० घरे पक्की झालेली असतात. सेटिंगमध्ये कोणताही आकडा निवडला तरी घरे तेवढीच राहतात.

दोन ठिपके, तीन घरे

समजा, अशा पडद्यासाठी आपण १२८० × ७२० निवडले. १९२० ला १२८० ने भागले तर दीड येते. म्हणजे चित्रातले दोन ठिपके पडद्याच्या तीन घरांत बसवायचे आहेत. पहिला ठिपका काळा आणि दुसरा पांढरा असेल तर पहिले घर काळे आणि तिसरे पांढरे होईल. मधल्या घराचे काय? ते अर्धे काळ्याच्या आणि अर्धे पांढऱ्याच्या वाट्याला येते, म्हणून पडदा ते करडे करतो. ठळक कडेच्या जागी करडी पट्टी येते.

देवनागरीला याचा त्रास विशेष होतो. शिरोरेषा आणि अनुस्वार यांच्यामध्ये कधी कधी एकाच ठिपक्याची फट असते. ती करडी झाली की अनुस्वार रेषेत मिसळतो. नुकतेच वाचायला लागलेल्या मुलाला अशा वेळी ‘मद’ आणि ‘मंद’ यांतला फरक ओळखायला अडचण येते.

१०२४ × ७६८ निवडले तर आणखी एक दोष येतो. आडव्या दिशेने चित्र १.८८ पट ताणले जाते, उभ्या दिशेने मात्र १.४१ पटच. दोन्ही दिशांचे प्रमाण ४ : ३ होते आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ बनते. काही मॉनिटर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या सोडून हा ताण टाळतात, पण अक्षरांचा पुसटपणा तसाच राहतो.

मग अक्षरे मोठी कशी करावीत?

रेझोल्यूशन पडद्याचे मूळचेच ठेवावे. विंडोजमध्ये त्याच्यापुढे साधारणपणे ‘शिफारस केलेले’ अशा अर्थाची नोंद असते. त्याच पानावर स्केल नावाची निवड असते. ती १२५ किंवा १५० टक्के करावी.

या दोन उपायांतला फरक नकाशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. छोट्या नकाशाची झेरॉक्स मोठी केली तर रेषा जाड आणि खरबरीत होतात. तोच नकाशा मोठ्या कागदावर नव्याने काढला तर रेषा रेखीव राहतात. संगणकातल्या अक्षरांचे आकार वक्ररेषांच्या गणिती वर्णनाच्या रूपात साठवलेले असतात. स्केल वाढवले की संगणक ते वर्णन वाचून अक्षर नव्याने काढतो.

१५० टक्के स्केल ठेवले तर पडद्यावर १२८० × ७२० इतकाच मजकूर मावतो आणि अक्षरेही तेवढीच मोठी दिसतात. पण १२८० × ७२० मध्ये चित्र ९,२१,६०० ठिपक्यांत काढलेले असते, तर स्केल वाढवल्यावर २०,७३,६०० ठिपक्यांत. त्याच जागेत सव्वादोन पट तपशील मिळतो आणि खर्च काहीच येत नाही. फक्त एखादे वेबपान मोठे करायचे असेल तर कंट्रोलची कळ दाबून अधिकचे चिन्ह दाबले तरी पुरते.

मूळचे रेझोल्यूशन यादीतच दिसत नसेल तर चित्र पडद्यावर पाठवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, बहुधा बसवलेले नसते. संगणक आणि प्रोजेक्टर यांवर एकच चित्र दाखवतानाही संगणक दोघांना चालेल असे रेझोल्यूशन घेतो आणि निदान एकीकडे चित्र पुसट होते. वर्गाला दाखवताना प्रोजेक्टरचे मूळ रेझोल्यूशन निवडणे चांगले.

वर्गात करून पाहा

१. आलेख कागदावर एका ओळीत बारा चौकोन घ्या आणि ते एक काळा, एक पांढरा असे रंगवा. खाली तेवढ्याच लांबीची, अठरा समान घरांची दुसरी ओळ आखा. वरचे प्रत्येक दोन चौकोन खालच्या तीन घरांत बसवायला मुलांना सांगा. मधल्या घराला कोणता रंग द्यावा, यावर चर्चा होऊ द्या.

२. पेंटमध्ये शिफ्टची कळ दाबून ठेवून ३०० पिक्सेल व्यासाचे वर्तुळ काढा. त्याचा आडवा आणि उभा व्यास पट्टीने मोजा. २१.५ इंची पडद्यावर, स्केल १०० टक्के असताना, दोन्ही सुमारे ७.४ सें.मी. भरतील. मग रेझोल्यूशन १०२४ × ७६८ करून पुन्हा मोजा. चित्र पूर्ण पडदाभर ताणले गेले असेल तर आडवा व्यास सुमारे १४ आणि उभा सुमारे १०.५ सें.मी. येईल. गुणोत्तर मुलांनाच काढू द्या.

३. ‘मद’ आणि ‘मंद’ हे शब्द लहान आकारात टंकित करा. एकदा रेझोल्यूशन कमी करून आणि एकदा मूळ रेझोल्यूशन ठेवून, स्केल वाढवून ते दाखवा. कोणत्या वेळी शब्द अधिक लांबून वाचता येतात, ते मुलांना टेपने मोजू द्या. प्रयोग संपल्यावर कक्षातला प्रत्येक पडदा मूळच्या रेझोल्यूशनवर आणायला विसरू नका.