दिवा, भोंगा, चाक : बदलण्याआधी गणित

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानासमोर तुम्ही कधी थांबला आहात काय? पुण्याच्या नाना पेठेत अशी दुकाने ओळीने आहेत. तुमच्या गावीही एखादे असेलच. तेथे मांडलेल्या खोक्यांवर मोठमोठे आकडे असतात. दिव्याच्या खोक्यावर १०० वॅट, भोंग्याच्या खोक्यावर ११८ डेसिबल, चाकावर १५ इंच. जितका आकडा मोठा तितका माल चांगला, असे पाहणाऱ्याला वाटते. घरची मोटार असली की थोरला भाऊ किंवा काका म्हणतात, "जुना काढायचा, नवा बसवायचा. त्यात अवघड ते काय?"

बसवणे खरोखरच अवघड नाही. पण मोटारीतला कोणताही भाग एकटा नसतो. दिव्यामागे तार असते, दिव्याभोवती आरसा असतो, चाकाला ब्रेक जोडलेला असतो. आपण एक भाग बदलतो तेव्हा त्याचे सोबती जुनेच राहतात. ते नव्या भागाला पुरे पडतील की नाही, हे पाहण्यासाठी शाळेत शिकलेले गणित आणि पदार्थविज्ञान पुरेसे आहे. चला, करून पाहू या.

शंभर वॅटचा दिवा

बहुतेक मोटारींची बॅटरी १२ व्होल्टची असते. अनेक गाड्यांच्या पुढच्या दिव्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. हा बल्ब १९७१ साली आला. त्यात दोन तंतू असतात : लांबच्या प्रकाशासाठी ६० वॅटचा आणि जवळच्या प्रकाशासाठी ५५ वॅटचा. दोन्ही दिवे लांबच्या प्रकाशावर लावले तर एकूण शक्ती १२० वॅट. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह मिळतो; म्हणून १२० ÷ १२ = १० अँपिअर.

आता बल्ब काढून १०० वॅटचे लावले असे समजा. २०० ÷ १२ = १६.७ अँपिअर. हा जादा प्रवाह कोठून जाणार? त्याच जुन्या तारेतून आणि त्याच जुन्या बटणातून.

तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १ मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. बॅटरीपासून बटणापर्यंत आणि तेथून दिव्यांपर्यंत अशी ६ मीटर तार आहे असे धरू. एकूण रोध झाला ०.१ ओहम. दिसायला क्षुल्लक, पण ओहमचा नियम लावा. १० अँपिअर प्रवाहाला या तारेत १ व्होल्ट खर्ची पडतो आणि दिव्याला ११ व्होल्टच मिळतात. १६.७ अँपिअरला सुमारे १.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि दिव्याला उरतात १०.३ व्होल्ट.

तंतूच्या दिव्याचा एक विशेष आहे. दाब थोडा कमी झाला की उजेड पुष्कळ कमी होतो, कारण उजेड दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले तर उजेड उरतो ७४ टक्के. १०.३ व्होल्ट मिळाले तर उरतो जेमतेम ६० टक्के. म्हणजे ६० वॅटचा बल्ब ६० × ०.७४ = सुमारे ४५ वॅटच्या बल्बाइतका उजेड देत होता आणि १०० वॅटचा देतो ६० वॅटच्या बल्बाइतका. शक्ती ६७ टक्क्यांनी वाढवली, पण उजेड वाढला फक्त एक तृतीयांशाने!

बाकीची शक्ती गेली कोठे? तारेत उष्णता झाली. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आधी तारेत १० वॅट उष्णता होत होती, ती आता सुमारे २८ वॅट झाली. ही तार इतर तारांच्या जुडग्यात, प्लॅस्टिकच्या वेष्टणात बांधलेली असते. त्यात १५ अँपिअरचा फ्यूज असेल तर तो आज ना उद्या वितळतो. मग कोणी तरी म्हणतो, "३० चा टाक, म्हणजे कटकट नको." धोका येथूनच सुरू होतो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेला जेवढे सोसते तेवढाच फ्यूज हवा. मोठा फ्यूज घातला तर फ्यूजऐवजी तारेचे वेष्टण वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते.

चतुर उपाय

आता उलट विचार करा. दिवा जुनाच ६० वॅटचा ठेवला आणि फक्त तार सुधारली तर?

येथे रिले कामाला येतो. रिले म्हणजे विद्युत्‌चुंबकाने चालणारे बटण. पूर्वी तारायंत्रातही त्याचाच उपयोग करीत. चालकाच्या हातातल्या बटणातून रिलेच्या वेटोळ्याला अँपिअरचा लहानसा अंश एवढाच प्रवाह जातो. वेटोळे चुंबक बनते, पट्टी ओढते, आणि बॅटरीपासून दिव्याकडे जाणारी दुसरी, जाड आणि आखूड वाट जोडली जाते. ही वाट २.५ चौरस मिलिमीटर जाडीची आणि ३ मीटर लांबीची धरली तर रोध फक्त ०.०२ ओहम. १० अँपिअरला ०.२ व्होल्ट खर्ची पडतो. दिव्याला ११.८ व्होल्ट मिळतात आणि उजेड होतो ९४ टक्के. आधी तो ७४ टक्के होता. म्हणजे बल्ब न बदलता उजेड सव्वापट झाला!

१०० वॅटच्या बल्बाने मिळणारा फायदा जवळजवळ सगळाच येथे मिळाला, आणि तारेतील उष्णता १० वॅटवरून २ वॅटवर आली. मात्र या नव्या वाटेलाही तिच्या जाडीला साजेसा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा लागतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत रिले मुळातच असतो, आणि काहींत दिव्यांवर संगणकाची देखरेख असते. तेथे तार तोडण्याआधी जाणकाराला विचारणेच बरे.

उजेड कोठे पडतो?

उजेड किती, याइतकाच तो कोठे पडतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दिव्यामागचा आरसा अन्वस्ताच्या आकाराचा असतो. अन्वस्ताच्या नाभीपाशी ठेवलेल्या दिव्याचे किरण परावर्तनानंतर समांतर जातात, हे तुम्ही शिकला आहात. एच-४ बल्बात जवळच्या प्रकाशाचा तंतू नाभीच्या किंचित पुढे असतो आणि त्याच्याखाली धातूची इवलीशी वाटी असते. वाटीमुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. वाटीची एक कड १५ अंशांनी कापलेली असते. त्यामुळे आपल्याकडे डाव्या बाजूचा प्रकाश थोडा वर चढतो. पादचारी व मैलाचे दगड दिसतात, पण समोरून उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात.

ही सारी योजना मिलिमीटरच्या हिशेबावर उभी आहे. अशा आरशात एलईडीचा दिवा खोचला आणि त्याचे प्रकाश देणारे ठिपके तंतूच्या नेमक्या जागी आले नाहीत, तर किरण भलतीकडे पांगतात. एलईडीला वीज कमी लागते हे खरे. ज्या दिव्यांचा आरसा किंवा भिंग एलईडीसाठीच घडवले आहे, तेथे ती उत्तम काम करते. दोष एलईडीचा नाही, विजोड जोडीचा आहे.

डोळे दिपले तर काय होते? अंधारात बाहुली मोठी झालेली असते. त्यात प्रखर झोत शिरला की काही सेकंद काहीच उमगत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. समोरचा चालक ३ सेकंद आंधळा झाला तर तो ५० मीटर न पाहता जातो, आणि त्याच्या वाटेत कदाचित तुम्ही असता.

म्हणून नवा बल्ब घेण्याआधी जुन्या दिव्याचा रोख तपासावा. सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. जवळच्या प्रकाशाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पडावी. म्हणजे मीटरला १ सेंटिमीटर उतार. दिवा ६५ सेंटिमीटर उंच असेल तर प्रकाश ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. आता मागे सामान भरल्याने गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा फक्त २.५ सेंटिमीटर जादा खचला, आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.५ मीटर असले, तर हा सारा उतार नाहीसा होतो आणि झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांत! अनेक गाड्यांत झोत खाली करण्याची चकती असते, ती यासाठीच.

भोंग्याची भाषा

मोटारीचा साधा भोंगा म्हणजे शाळेच्या विजेच्या घंटेचा भाऊ. विद्युत्‌चुंबक पोलादी पडदा ओढतो. पडदा सरकताच जोड तुटतो, प्रवाह थांबतो, पडदा मागे येतो, जोड पुन्हा जुळतो. असे सेकंदाला शेकडो वेळा घडते. पुष्कळ गाड्यांत दोन भोंगे असतात, उदाहरणार्थ ४०० आणि ५०० कंप्रतेचे. हे गुणोत्तर ४ : ५, म्हणजे आपल्या संगीतातला षड्ज आणि शुद्ध गंधार! म्हणूनच ही जोडी कानाला भरदार वाटते.

मग चार भोंगे लावले तर आवाज दुप्पट होईल काय? नाही. ध्वनीची शक्ती दुप्पट झाली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. उलट, अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागी ६ डेसिबल कमी होतात. भोंगा घोगरा झाला असेल तर बहुधा दोष गंजलेल्या जोडाचा असतो. पुन्हा तोच खर्ची पडलेला व्होल्ट! तो जोड घासून स्वच्छ करणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश भोंगे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मना आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो.

चाकावरचे आकडे

टायरवर १६५/८० आर १४ असे काही लिहिलेले असते. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर हे रेडियल बांधणीचे अक्षर. १४ हा आतल्या चाकाचा व्यास इंचांत. चाकाचा पूर्ण व्यास काढू या. १४ इंच = ३५५.६ मिलिमीटर. बाजूची उंची १३२, ती दोनदा मिळवायची. उत्तर ६१९.६ मिलिमीटर. परीघ १.९४६ मीटर, एका किलोमीटरला सुमारे ५१४ फेरे.

त्याऐवजी १९५/७० आर १५ बसवला तर व्यास होतो ६५४ मिलिमीटर आणि किलोमीटरला फेरे सुमारे ४८७. वेगमापक मात्र जुन्याच हिशेबाने फेरे मोजतो. त्याने ८० दाखवले तेव्हा चाकाच्या हिशेबाने गाडीचा वेग ८४.४ झालेला असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ब्रेकला ११ टक्के जादा ऊर्जा जिरवावी लागते. शिवाय मोठ्या चाकामुळे जमिनीपर्यंतचा तरफेचा हात लांबतो, आणि तेवढ्याच ब्रेकने गाडी कमी जोराने थांबते.

याउलट १८५/६५ आर १५ चा व्यास काढून पाहा : ६२१.५ मिलिमीटर. फरक फक्त ०.३ टक्के. चाक मोठे दिसते, पण हिशेब बिघडत नाही. मात्र टायरची बाजू १३२ ऐवजी १२० मिलिमीटर झाली. खड्ड्याचा दणका झेलायला रबर कमी उरले. आणि कडेला असलेले १ किलो वजन गाडीला वेग देताना २ किलोसारखे जाणवते, कारण ते पुढेही जाते आणि फिरतेही.

करून पहा

१. टॉर्चचा बल्ब आधी आखूड जाड तारेने आणि मग लांब बारीक तारेने सेलला जोडा. उजेडातला फरक वहीत लिहा.

२. सायकलच्या चाकाला खडूची खूण करून एका फेऱ्यात ती किती पुढे जाते ते मोजा. शाळा किती फेऱ्यांवर आहे?

३. घरच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीचा टायरवरचा आकडा टिपा आणि व्यास काढा.

प्रत्यक्ष गाडीच्या तारांना मात्र मोठ्या माणसांवाचून हात लावू नका. काम करताना आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे असते. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत, हेही घरच्यांना सांगा. पुढच्या वेळी काका दुकानात मोठा आकडा पाहून थांबले, की वही पुढे करा आणि विचारा : "आणि याच्या मागची तार किती जाडीची?"