लंगोट शिवण्याआधी

बाळंतविड्यात झबली-टोपडी हौसेने येतात; पण बाळाच्या अंगाला दिवसभर चिकटून असतो तो लंगोट. म्हणून त्याचे कापड पारखून घ्या, असे मी नव्या आयांना नेहमी सांगते.

कापड सुतीच हवे. त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच पसरला तर कापड ओल शोषेल. मण्यासारखा वर राहिला तर त्यात खळ आहे किंवा कृत्रिम धागा. खळ दोन-तीन धुण्यांत निघते, धागा मात्र बदलत नाही. आजीचे विटलेले सुती लुगडे सर्वांत उत्तम. वापरून वापरून ते मऊ झालेले असते.

नवे कापड आधी धुऊन आटवा, मग 60 सेंटिमीटरचा चौरस कापा. कडा बारीक दुमडून टीप घाला. जाड शिवण मांडीला काचते. तिरके दुमडून त्रिकोण करा आणि लांब बाजूच्या दोन्ही टोकांना सुती बंद लावा. इलॅस्टिक नको, पिन तर नकोच. बांधल्यावर बंदाखाली दोन बोटे सहज जावीत. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधा.

पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला निदान 6 वेळा ओले करते. म्हणून दोन डझन लंगोट हवेत, पावसाळ्यात आणखी थोडे. धुताना साबण पुरता काढा आणि उन्हात वाळवा. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नका. त्याचा थर बसून शोषण कमी होते.

ओला लंगोट लगेच बदलला, तर पुरळाची निम्मी काळजी मिटते. तरीही दोन-तीन दिवसांत पुरळ ओसरले नाही, तर घरगुती उपायांत न अडकता डॉक्टरांना दाखवा.