जुना संगणक रुसतो तेव्हा

इतवारी-गांधीबागेतील कित्येक व्यापारी घरांत दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक आजही रोजमेळ व खतावणी सांभाळतो. नवतपाच्या एखाद्या सकाळी बटण दाबावे, तो पडदा काळाच! चिंता यंत्राची नव्हे, आतल्या हिशेबाची असते. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे तो वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो.

पंखाच फिरत नसेल, तर दोष बहुधा प्लगमध्ये वा एसएमपीएसमध्ये असतो. पंखा फिरून पुन्हा पुन्हा बीप वाजत असेल, तर रॅमचा संशय घ्यावा. वायर काढून, लोखंडी सांगाड्याला हात लावून मग पट्टी सोडवावी. तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसावी. नागपूरची धूळ थोडी नाही. दरवेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी, ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते. ती संपली की जतन केलेली मांडणी पुसली जाते आणि कधी विंडोज उघडतच नाही. किरकोळ किमतीच्या या बॅटरीपायी चांगले संगणक भंगारात गेले आहेत.

विंडोज ७ असल्यास सुरुवातीलाच एफ ८ दाबून सेफ मोड पाहावा. उघडला, तर आधी टॅलीच्या डेटाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी, दुरुस्ती मागाहून. 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणाऱ्या कारागिराला थांबवावे. हार्डडिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून डेटा उतरवता येतो. मात्र डिस्कमधून टकटक ऐकू आली, तर तो पुन्हा चालू करू नये.