खोटे कशाच्या जिवावर चालते?

‘गार्बो: द स्पाय’ हा एडमोन रॉक यांचा २००९ चा माहितीपट. त्यातला एकच प्रश्न आज आपण घेऊ: खोटे चालते तरी कशाच्या जिवावर?

हकीगत थोडक्यात अशी. बार्सिलोनाचा हुआन पुजोल इंग्रजांकडे काम मागायला गेला, त्यांनी घेतले नाही. मग तो जर्मनांचा हेर झाला. त्यांनी पाठवले इंग्लंडला. हा बसला लिस्बनमध्ये, आणि प्रवासाची पुस्तके चाळून इंग्लंडच्या ‘गुप्त’ बातम्या लिहू लागला! १९४२ मध्ये इंग्रजांनी त्याला लंडनला नेले. तिथे टोमास हॅरिस या अधिकाऱ्याबरोबर त्याने २७ हस्तक उभे केले. सगळे कागदावरचे.

आता गंमत बघा. जर्मनांचा विश्वास बसावा म्हणून त्याला खरेही सांगावे लागे, फक्त उशिरा. ६ जून १९४४ च्या पहाटे नॉर्मंडीच्या हल्ल्याची खबर त्याच्याकडे तयार होती. माद्रिदच्या जर्मन केंद्राने ती घेतली सकाळी, फौजा उतरल्यावर. खबर खरी, उपयोग शून्य. पत मात्र वाढली. तीच पत ९ जूनला वटवली. नॉर्मंडी ही हूल आहे, खरा हल्ला कॅलेकडे होणार, असे त्याने कळवले. जर्मन सैन्य तिकडे वाट पाहत राहिले. पुढे जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस दिला, इंग्रजांनी एमबीई.

अश्वत्थामा गेला का, हे द्रोणाचार्यांनी धर्मराजालाच का विचारले? तो खोटे बोलत नाही म्हणून. म्हणजे खोटे हे सत्याच्या पुंजीवर जगते. कांटचे म्हणणे हेच: सगळेच खोटे बोलू लागले, तर शब्दाला किंमत उरणार नाही, आणि खोटेही चालणार नाही.

मग गार्बो चुकला का? १७९७ च्या निबंधात कांट खुन्याशीसुद्धा खोटे बोलू देत नाही. तिथे आम्ही त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. नॉर्मंडीत वाचलेले जीव खरे होते.

पण थांबा. १९४९ मध्ये पुजोल अंगोलात मलेरियाने वारला, अशी बातमी पसरवली गेली. तो होता व्हेनेझुएलात, नवा संसार मांडून. बाप जिवंत आहे हे पहिल्या संसारातल्या मुलांना कळले १९८४ मध्ये. युद्ध संपून ३९ वर्षे झाली होती. शत्रूला फसवायला त्याने पत आधी कमवावी तरी लागली. मुलांकडे ती आयतीच होती, नाही का?