सात दिवस, पाच हॉटेलं आणि माझं एक खोटं

परवाच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी पाहुणे होते आणि आम्ही पाच वेळा बाहेर जेवलो. व्हिडिओत विषय निसटला, म्हणून इथे लिहितोय. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना हॉटेलच टाकायचंय, कमेंटमध्ये रोज दिसतं. तर जरा निवांत वाचा.

सोमवारी आत्या वापीहून आली, तिला घ्यायला तलासरीला गेलो. हायवेवर जेवलो. थाळी आली, डाळ कोमट, पापड मऊ. मालकाचा हिशोब मला कळतो: गाडी आज मुंबईकडे गेली, उद्या दुसरी येईल, हा माणूस परत कुठे येणार? पण हायवेवर ट्रकवाला महिन्यातून चार वेळा जातो आणि तो कुठे थांबतो हे बाकीचे ट्रकवाले बघत असतात. समोरच्या साध्या ढाब्यावर आठ ट्रक उभे होते, आमच्या इथे दोन कार. आणखी एक. बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की तो आपोआप बिलात टाकता येत नाही. विचारल्यावर निमूटपणे काढला. म्हणजे माहीत होतं.

बुधवारी बायकोचा वाढदिवस. डहाणूत मासे खायला गेलो. मेन्यूवर 'फ्रेश पापलेट'. आता बघा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वेटर म्हणाला, "एकदम ताजं, मॅडम." माझी बायको किनाऱ्यावरच्या घरातली. तिने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे फक्त बघितलं. बर्फातलं होतं. बर्फातलं असण्यात गुन्हा नाही हो, ताजं म्हणून विकण्यात आहे. याच दिवसांत आमच्या घराघरांत सुके बोंबील, सुकट, तांदळाची भाकरी चालू असते. बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. त्यातलं एकही मेन्यूवर नव्हतं. गोड काय? डब्यातले गुलाबजाम. घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, बाहेरून माणसं बोर्डीला चिकूसाठी येतात, आणि डहाणूतलं हॉटेल त्यांना डब्यातला गुलाबजाम देतं!

गुरुवार, शुक्रवार मित्रांबरोबर. पावभाजी, चायनीज. आठवण्यासारखं काही नाही, हीच तक्रार.

आता रविवार. खरं तर हा लेख रविवारसाठीच आहे.

माझ्याच बॅचच्या एका मुलाने डहाणूत हॉटेल टाकलंय. वडिलांच्या फंडाचे पैसे त्यात आहेत. सासूसासरे, आत्या, मुलं, सगळ्यांना मी कौतुकाने घेऊन गेलो. पनीरच्या दोन भाज्या मागवल्या, दोन्हींत ग्रेव्ही एकच. भाकरी आली तेव्हा भाजी गार झाली होती. सासऱ्यांनी अर्धं ताट तसंच ठेवलं. काऊंटरवर त्याने विचारलं, "सर, कसं वाटलं?" मी म्हटलं, "एक नंबर!"

गाडीत सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही हेच शिकवता का?" त्यांनी गमतीत म्हटलं. मला रात्रभर झोप नाही. कॅमेऱ्यासमोर मी तुम्हाला सांगतो की कस्टमरचं खरं ऐका, आणि कस्टमर म्हणून मी स्वतः खोटं बोलून आलो. त्या आठवड्यात पाच ठिकाणी जेवलो, जेवण नावडल्याचं एकाही मालकाला सांगितलं नाही. फक्त परत जायचं नाही असं ठरवलं. माझ्या दुकानातही गेल्या वर्षी एक जुनी गिऱ्हाईक काकू यायची बंद झाली. का, ते मला आजही माहीत नाही.

सोमवारी दुपारी चारला, हॉटेल रिकामं असताना, परत गेलो. सांगितलं. तो गप्प. मग चिडला, "काल का नाही बोललात? सगळे छानच म्हणतात, सर. आणि टेबलं रिकामी राहतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मागवला आणि पंधरा दिवसांची बिलबुकं काढायला लावली.

मेन्यूकार्डावर ११२ पदार्थ. एकेका बिलावरून टिक करत गेलो. ४१ पदार्थ पंधरा दिवसांत एकदाही विकले गेले नव्हते. पण त्यांच्यासाठी मशरूम, बेबी कॉर्न, पनीर फ्रीजरमध्ये पडून होतं. एक आचारी आणि एक मदतनीस ११२ पदार्थ कसे करणार? म्हणून सकाळी एक ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात करायची आणि दिवसभर सगळ्यात तीच. भाकरीचं कारण तर अगदी साधं निघालं: तवा एकच, ऑर्डर आल्यावर पीठ मळायला घ्यायचे. (जाता जाता, तो कंपोझिशन स्कीममध्ये आहे, उलाढालीवरचा ५ टक्के कर त्याने स्वतः भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही. वाया गेलेलं पनीर आणि हा कर, दोन्ही त्याच्याच गल्ल्यातून. जागा घेण्याआधी हे कागदावर मांडा.)

मी म्हटलं, तीस पदार्थ ठेव. तो साठच्या खाली येईना. चायनीज काढायला तर अजिबात तयार नाही, आचारी त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीतला आहे. पण दुसरा तवा घेतला आणि बुधवारी सुकट-भाकरी सुरू केली.

गेल्या बुधवारी मी एकटाच गेलो. भाकरी गरम होती, सुकटीत मीठ जास्त. काऊंटरवर त्याने विचारलं, "सर?"

"मीठ जास्त आहे," मी म्हटलं. त्याने आत वळून आचाऱ्याला हाक मारली.