अर्थ लागला की गाणं लागतं

२०२५मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टा शहरातल्या गोल्फ स्पर्धेत जस्टिन रोझला प्ले-ऑफमध्ये हरवून रोरी मॅकिलरॉय हिरवळीवर गुडघे टेकून रडला. ते दृश्य एव्हाना सगळ्यांच्या फोनवर फिरून झालं आहे. ज्या मैदानावर तो रडला तिथे प्रेक्षकांना मात्र फोन नेता येत नाही. स्पर्धेत खेळाडू पायीच चालतात, आणि मैदानात कुणी गाणी लावण्याचा तर प्रश्नच नाही. गंमत म्हणजे हेच शहर गोल्फकार्टचं माहेर आहे. ई-झी-गो आणि क्लब कार या दोन मोठ्या कंपन्या ऑगस्टा परिसरातल्याच, आणि यामाहाचा गोल्फकार्टचा कारखानाही त्याच जॉर्जिया राज्यात, न्यूननला. तिथून बाहेर पडलेल्या कितीतरी गाड्यांवर मालकाचा पहिला वरखर्च होतो तो स्टिरिओवर.

या गाड्या आता फक्त मैदानात फिरत नाहीत. अटलांटाजवळच्या पीचट्री सिटीत त्यांच्यासाठी सुमारे १०० मैलांच्या वेगळ्या वाटा आहेत आणि गावात दहा हजारांहून जास्त कार्ट आहेत. दूध आणायला कार्ट, चर्चला कार्ट. तिथल्या मॅकिंटॉश हायस्कूलची मुलंसुद्धा कार्टनेच शाळेत येतात. मग गाणी हवीतच. त्यातही अडचणीची गाडी म्हणजे ‘गॅस’वाली. अमेरिकन माणूस गॅस म्हणतो ते पेट्रोलला. सिलिंडर शोधायला जाऊ नये.

वरवर पाहता स्टिरिओ बसवण्याचं काम अगदी सोपं वाटतं. विजेवरच्या कार्टमध्ये ३६ किंवा ४८ व्होल्टचा बॅटरी-संच असतो. त्याला स्टिरिओ थेट जोडता येत नाही, मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर लागतो आणि सांगाड्याचा अर्थ (अर्थिंग) म्हणून वापर तर करायचाच नसतो. पेट्रोल कार्टमध्ये साधी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तिची मायनस इंजिनला व सांगाड्याला जोडलेली असते, मोटारीसारखीच. म्हणून हौशी माणूस मोटारीचीच रीत वापरतो. स्टिरिओची पिवळी वायर बॅटरीच्या प्लसला जाते, म्हणजे घड्याळ आणि लावलेली स्टेशनं लक्षात राहतात. लाल वायर चावीवरून घेतली जाते, आणि काळी वायर जवळच्या एखाद्या स्क्रूखाली दाबून काम संपतं.

घोटाळा त्या काळ्या वायरपाशी सुरू होतो. मोटारीत डॅशबोर्डमागे हात घातला की कुठे ना कुठे पत्रा लागतो. कार्टची बॉडी प्लॅस्टिकची असते. डॅशमागचा स्क्रू ज्या पट्टीत रुतलेला असतो ती पट्टी सांगाड्याला टेकलेली असेलच असं नाही. टेकली असली तरी मध्ये रंगाचा थर असतो. क्लब कारचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा. तो गंजून लाल होत नाही खरा, पण त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, आणि तांब्याचं थिंबल त्यावर आवळून दोन पावसाळे गेले की दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी साचते. आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन अशा वेळी ‘अर्थ लागत नाही’ म्हणतो. मराठीत या वाक्याला आणखी एक अर्थ आहे, आणि आवाज का खरखरतोय हे न कळलेल्या मालकाला तोही तंतोतंत लागू पडतो.

इथे हेन्री ऑट यांना थोडी जास्त जागा द्यायला हवी. बेल लॅब्जमध्ये कारकीर्द घालवलेल्या या अभियंत्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्रणांमधल्या गोंगाटावरचं पुस्तक १९७६मध्ये आलं आणि पुढे त्या विषयातलं प्रमाण मानलं गेलं. ऑट यांचा मुद्दा थोडक्यात असा: ‘ग्राउंड’ या शब्दाने माणसं फसतात. त्यांना वाटतं, वीज जाऊन मुरते असा तो काही खड्डा आहे. विजेचा प्रवाह कुठेही मुरत नसतो. तो जिथून निघाला तिथे परत येतो, आणि ग्राउंड म्हणजे त्याची परतीची वाट, शक्य तितक्या कमी अडथळ्याची. गोल्फकार्टची चाकं रबरी आहेत, जमिनीशी तिचा विजेचा काही संबंधच नाही. तिथे ‘अर्थ’ म्हणजे बॅटरीच्या मायनसपर्यंतचा रस्ता, एवढंच. हे डोक्यात बसलं की डॅशमागे स्क्रू शोधण्याची हौस आपोआप फिटते. मग माणूस जाण्याच्या वायरइतकीच जाड वायर येण्यासाठीही टाकतो आणि ती थेट बॅटरीपाशी नेतो.

आकडे पाहिले तर हा उगाच काढलेला कीस नाही हे कळतं. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीन मीटर जाऊन तीन मीटर परत आली, तर तिचा रोध साधारण ०.०२६ ओहम. वीस अँपिअर वाहिले की अर्धा व्होल्ट वाटेत गळतो, आणि तो चालून जातो. पण रंगावर बसवलेल्या एका थिंबलचा रोध ०.१ ओहम भरला, तर तेवढ्याच प्रवाहाला तिथल्या तिथे दोन व्होल्ट जातात. बॅटरीवर १२.६ आणि स्टिरिओला जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडी जेमतेम १०. ढोलाचा ठोका पडला की दिवे मिचकावतात ते यामुळेही.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. गाणं मोठ्याने चालू ठेवायचं, मीटरची काळी कांडी बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आणि लाल कांडी अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंड स्क्रूवर टेकवायची. ०.१ व्होल्टच्या आसपास दिसलं तर मार्ग चोख. अर्धा-पाऊण दिसू लागलं तर तो सांधा उघडायचा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालून आवळायचा आणि वर व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. गाणं बंद ठेवून मोजलं तर मीटर शून्याजवळच राहील आणि माणूस फसेल, कारण प्रवाहच नसला तर गळणार काय?

तरीही कुंईऽऽ असा आवाज येतोच, आणि पेडल दाबावं तसा तो चढत जातो. या आवाजाचं मूळ शोधायला शंभरएक वर्षं मागे जावं लागतं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने सेल्फ आणला, तेव्हा इंजिन फिरवणारी मोटर आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो ही दोन्ही कामं एकाच यंत्राकडे होती. मोटारींनी ती पुढे वेगळी केली आणि १९६०च्या दशकात डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. पेट्रोल गोल्फकार्टने मात्र जुना संसार मोडला नाही. इंजिनाला पट्ट्याने जोडलेलं एकच यंत्र आधी सेल्फ होतं, मग डायनॅमो. त्याचे कार्बन ब्रश कम्यूटेटरवर घासतात, बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट वायरींवर स्वार होतो. १९३०मध्ये पॉल गॅल्व्हिन यांनी मोटारीत रेडिओ बसवून मोटोरोला हे नाव बाजारात आणलं, तेव्हा त्यांच्या तंत्रज्ञांची झुंज याच डायनॅमोशी आणि जोडीला स्पार्क प्लगशी होती. ऑगस्टाच्या गल्लीतला हौशी मालक आज नकळत तीच लढाई लढतो आहे.

बाजार त्याला यावर ‘नॉइज फिल्टर’ विकतो. फिल्टर कधी उपयोगी पडतही असेल, पण आधी सांधे न पाहता तो लावणं म्हणजे गळकं छप्पर सोडून बादली विकत घेणं. बहुतेकदा दोष असा असतो: स्टिरिओचा अर्थ पुढे डॅशपाशी, अ‍ॅम्प्लिफायरचा मागे सीटखाली. दोन ठिकाणांमध्ये व्होल्टचा बारीकसा फरक राहतो आणि त्या फरकामुळे दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. अ‍ॅम्प्लिफायर त्यालाच गाणं समजून मोठं करतो. केबल काढून पाहावी. शिटी थांबली तर ती तिथूनच शिरत होती. दोन्ही काळ्या वायरी एकाच बिंदूवर आणल्या की बऱ्याचदा ती कायमची जाते.

पेट्रोल कार्टची आणखी एक खोड मोटारवाल्यांच्या लक्षात येत नाही. बहुतेक कार्टमध्ये पेडल सोडलं की इंजिनच बंद पडतं आणि पुन्हा दाबलं की सेल्फ लागून सुरू होतं. तळ्याकाठी गाडी उभी करून तासभर गाणी ऐकली, तर तेवढा वेळ चार्जिंग शून्य. शिवाय दर वेळी सेल्फ लागताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर ढासळतं. बॅटरी जुनी असेल तर स्टिरिओ बंद होऊन पुन्हा उठतो आणि ब्लूटूथची बाई पहिल्यापासून सुरू करते. अठरा होलच्या खेळात हे कितीदा होईल, ते मोजत बसू नये. जास्त ऐकायचं असेल तर मधे आयसोलेटर घालून दुसरी बॅटरी बसवणं हाच सरळ उपाय.

एका बाबतीत मात्र हयगय नको. अनेक कार्टमध्ये पेट्रोलची टाकी आणि बॅटरी एकाच सीटखाली, हातभर अंतरावर असतात. प्लसच्या वायरवरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, स्टिरिओजवळ नव्हे. वायर कुठेही सोलून सांगाड्याला टेकली तरी तो उडायला हवा. काम सुरू करताना आधी मायनस सोडायची. प्लस आधी सोडायला गेलं आणि पाना सांगाड्याला लागला, तर ठिणगी पडते ती पेट्रोलच्या वाफेत.

आता वॉटबद्दल. खोक्यावर ‘५०×४’ लिहिलेला साधा स्टिरिओ प्रत्यक्षात दर स्पीकरला सलग १८–२० वॉट देतो, आणि उघड्या कार्टमध्ये दोन माणसांना तेवढे पुष्कळ झाले. खरोखरचे ४०० वॉट काढणारा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ४० अँपिअर ओढतो. ३५०–४०० सीसीच्या गाडीच्या छोट्या डायनॅमोवर हा बोजा टाकणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर लादणाऱ्यांना याचा अनुभव आहे. बॅटरी हंगामही धरत नाही. गोल्फच्या नियमांचं म्हणाल तर २०१९पासूनच्या ४.३ क्रमांकाच्या नियमानुसार मागे गाणं वाजायला हरकत नाही. स्विंगची लय साधायला किंवा बाहेरचा आवाज बुजवायला ते ऐकलं, तर मात्र दंड.

तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याने पेट्रोल कार्ट घेतली असेल, तर त्याला एवढंच कळवावं: पाण्याला टिकणारे दोन चांगले स्पीकर घे, अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे वाचव आणि त्यातले थोडे त्या काळ्या वायरवर खर्च कर.